डॉ. भाऊ दाजी लाड: डिग्री हातात होती, पण संशोधन करणाऱ्या डॉक्टरसाठी जागाच नव्हती

राणीच्या बागेत पेंग्विन बघायला गेलात की गेटजवळच एक जुनी, देखणी इमारत दिसते. बाहेर पाटी आहे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. लोक आत जातात, नक्षीदार खांबांसमोर फोटो काढतात, रील टाकतात आणि बाहेर पडतात. पण म्युझियमला डॉक्टरचं नाव कसं काय, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही.

त्याचं सोपं उत्तर असं की हे म्युझियम उभं करायला, त्यासाठी पैसा गोळा करायला ज्यांनी जोर लावला त्यात भाऊ दाजी पुढे होते. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं.

पण आजची गोष्ट म्युझियमची नाही. आज एमबीबीएस, एमडी करून ज्या पोरापोरींना पेशंट बघता बघता संशोधनही करायचं असतं, त्यांना शिक्षण संपलं की एक प्रश्न गाठतोच. आता पुढे काय? दवाखाना टाकायचा की लॅबमध्ये जायचं? आणि लॅबमध्ये गेलं तर घर कसं चालवायचं? हाच प्रश्न १८५१ मध्ये मुंबईत भाऊ दाजींसमोर उभा होता. त्यांनी त्यावर काय मार्ग काढला आणि तो कुठे येऊन अडला, ते बघू.

मास्तरकी सोडली आणि पुन्हा विद्यार्थी झाले

भाऊंचा जन्म १८२२ सालचा, गोव्यातल्या पेडण्याकडच्या एका सारस्वत कुटुंबातला. वडिलांना दाजी म्हणत, म्हणून हे भाऊ दाजी. घरची परिस्थिती बेताची. कुटुंब मुंबईत आलं. हा मुलगा बुद्धिबळात भलताच हुशार आहे हे एका इंग्रज साहेबाच्या लक्षात आलं आणि त्याने वडिलांना गळ घातली की याला इंग्रजी शिकवा, असं सांगतात. भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले.

त्याच सुमारास सरकारने काठियावाड आणि कच्छमधल्या स्त्रीबालहत्येवर निबंध मागवले होते. भाऊंच्या निबंधाला बक्षीस मिळालं, ६०० रुपये. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. १८४७ मध्ये तो निबंध छापूनही आला. म्हणजे विशीतच नोकरी होती, नाव होतं, पुढची वाट सरळ होती.

तरीही त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं होतं. शेजारीच जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. हॉस्पिटल. शिक्षण सगळं इंग्रजीतून, आणि मुख्य म्हणजे मृतदेहाची चिरफाड करून शिकायचं. सवर्ण हिंदू घरातल्या पोराने प्रेताला हात लावायचा ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. भाऊंनी ते केलं.

१८५१ मध्ये कॉलेजची पहिली बॅच बाहेर पडली. फक्त आठ जण. त्यात भाऊ दाजी होते. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते. वनस्पतिशास्त्रात, विशेषतः गवतांच्या अभ्यासात नाव कमावणारे जुझे कामिलो लिस्बोआ होते. एका बॅचमध्ये एवढी गुणी माणसं.

पास झालो, आता पुढे?

या आठ जणांकडे पाश्चात्त्य वैद्यकाचं पक्कं शिक्षण होतं. पण त्यांच्यासाठी वाटा दोनच होत्या.

पहिली वाट सरकारी नोकरीची. तिथे पद मिळायचं सब-असिस्टंट सर्जनचं. नावातच सब आणि असिस्टंट दोन्ही आलं. वरच्या जागा आणि कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या खुर्च्या कंपनीच्या वैद्यकीय सेवेतल्या युरोपियन डॉक्टरांकडे. १८५५ मध्ये या सेवेची खुली परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी कलकत्त्याचे सूर्यकुमार गुडिव्ह चक्रवर्ती ती पास झाले. पण परीक्षा लंडनला. म्हणजे समुद्र ओलांडायचा, जातीचा रोष पत्करायचा आणि खर्चही स्वतःच करायचा. दार उघडं होतं, पण तिथवर पोचणं मोजक्यांनाच परवडणारं होतं.

दुसरी वाट खासगी दवाखान्याची. तिथे कमाई होती, मान होता. पण अभ्यासाला वेळ, वॉर्ड, मदतनीस, प्रयोगशाळा यातलं काहीच नव्हतं.

पगार घेऊन संशोधन करणारा डॉक्टर ही तिसरी वाट मुंबईतल्या हिंदी माणसासाठी नव्हतीच. मुंबई विद्यापीठसुद्धा १८५७ मध्ये आलं. वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी देशव्यापी संस्था १९११ मध्ये उभी राहिली, तीच १९४९ पासून आयसीएमआर म्हणून ओळखली जाते. भाऊ पास झाले तेव्हा याला अजून साठ वर्षं होती.

दवाखान्याच्या कमाईवर चालणारी स्वतःची संस्था

भाऊंनी खासगी दवाखाना निवडला आणि तो धो धो चालला. शेठ-सावकारांपासून गरिबांपर्यंत सगळे त्यांच्याकडे येत. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही ग्रँट कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

पण भाऊंचा जीव अडकला होता अभ्यासात. संस्कृत वैद्यकग्रंथांत ज्या औषधांचं एवढं वर्णन आहे, ती खरंच काम करतात का? ते ग्रंथ वाचायचे आणि औषधं पेशंटवर पारखून बघायची, असा त्यांचा क्रम. ग्रंथ जुना आहे म्हणून त्यातलं सगळं खरं, असं त्यांनी धरलं नाही. आणि देशी आहे म्हणून सगळं टाकाऊ, हेही मानलं नाही.

ग्रंथ वाचता वाचता ते इतिहासात शिरले. ग्रंथ कुणी लिहिला, कधी लिहिला, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. कालिदासाचा काळ, अजिंठ्याचे शिलालेख, आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचे कालनिर्णय, अशा विषयांवर त्यांनी लेख लिहिले. खानदेशातल्या आपल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. त्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला होता. हा शिलालेख विद्वानांच्या जगासमोर आणला तो भाऊ दाजींनी, १८६५ च्या आपल्या लेखातून.

या सगळ्याचा खर्च कोण करत होतं? दवाखाना. जुनागढचा भगवानलाल इंद्रजी नावाचा तरुण १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आला. भाऊंनी त्याला पदरी ठेवला आणि शिलालेखांचे ठसे घ्यायला देशभर पाठवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एका डॉक्टरने आपल्या प्रॅक्टिसमधून दुसऱ्याला रिसर्च फेलोशिप दिली. यात एक खटकणारी बाजूही आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे लेखांवर नाव भाऊंचं असायचं. भगवानलाल स्वतःच्या नावाने ठळकपणे पुढे आले ते भाऊंच्या मृत्यूनंतर. ज्युनिअरने राबायचं आणि नाव सिनिअरचं, ही तक्रार आजही ऐकू येते, तिचं मूळ इतकं जुनं आहे.

पेशंट नाराज होतील म्हणून गप्प बसायचं का?

खासगी दवाखान्यावर अवलंबून असलेल्या माणसाला अजून एक भीती असते. बड्या पेशंटांना दुखवून चालत नाही. १८६२ मध्ये भाऊंसमोर नेमका हाच पेच आला.

२०२४ मध्ये ‘महाराज’ नावाचा सिनेमा आला होता, तो बघितला असेल तर हा खटला माहीत असेल. पत्रकार करसनदास मुळजी यांनी वैष्णव पंथाच्या महाराजांच्या अनाचाराबद्दल लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. मुंबईतले श्रीमंत भाटिया आणि वाणी व्यापारी बहुसंख्येने महाराजांच्या बाजूचे. करसनदासांच्या बाजूने साक्ष द्यायला भाऊ दाजी उभे राहिले. महाराजांना गुप्तरोग झाला होता आणि त्यावर आपण उपचार केले होते, हे त्यांनी डॉक्टर म्हणून कोर्टात सांगितलं.

पेशंटची गोष्ट डॉक्टरने कोर्टात उघड करावी का, यावर आजही दोन बाजूंनी बोलता येईल. पण शहरातला पैसा ज्यांच्या हातात होता त्यांच्या मनाविरुद्ध भाऊ बोलले, एवढं नक्की. ना सरकारी पगार, ना कुठल्या संस्थेचं पाठबळ. उद्या पेशंट तुटले तर दवाखाना बंद आणि दवाखान्यावर चालणारं संशोधनही बंद. हे माहीत असून ते उभे राहिले. करसनदास खटला जिंकले.

कडू कवठाचं तेल

आता मुख्य विषयाकडे येऊ, कुष्ठरोगाकडे.

त्या काळात कुष्ठरोग झाला की माणूस घरातून, गावातून बाहेर. औषध नाही, कारण माहीत नाही. भाऊंनी संस्कृत ग्रंथांतली औषधं पारखता पारखता एका झाडावर लक्ष ठेवलं. ते म्हणजे कडू कवठ. कोकण आणि गोव्याच्या जंगलात वाढणारं झाड. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाने जे औषध येतं ते हेच, असं मानतात. त्याच्या बियांचं तेल काढायचं, ते पेशंटला द्यायचं, पथ्य पाळायला लावायचं आणि फरक बघत राहायचं. भाऊंनी हे वर्षानुवर्षं केलं. पेशंटमध्ये सुधारणा दिसायला लागल्याची वार्ता दूरवर पोचली.

पण औषध नेमकं काय आहे, हे त्यांनी जाहीर केलं नाही.

इथे थांबून विचार करायला पाहिजे. गुप्त औषध म्हटलं की शास्त्रज्ञांच्या भुवया उंचावतात, आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्या डॉक्टरने तेच औषध देऊन बघितलं आणि तसाच गुण आला, तरच त्याला अर्थ. गुप्त ठेवलं की पडताळा घेता येत नाही. भाऊंच्या काळातही ही टीका झाली.

आणि दुसरी बाजूही बघा. या आजारात फरक दिसायला महिने, वर्षं लागतात. कधी रोग आपोआप थांबल्यासारखा वाटतो आणि पुन्हा उसळतो. खात्री करायची तर बरेच पेशंट एका जागी, बराच काळ, नोंदी ठेवून सांभाळायला हवेत. हे काम एका दवाखान्याचं नाही, हॉस्पिटलचं आहे. मुंबईत कुष्ठरुग्णांसाठी मोठं आश्रयस्थान माटुंग्याला उभं राहिलं ते १८९० मध्ये. भाऊंच्या हाताशी असं काही नव्हतं.

१८६५ चा तडाखा

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर आला. रोज नवी कंपनी, रोज नवे शेअर. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईचं शेअर मार्केट झोपलं. शहरातले कित्येक नामवंत बुडाले. भाऊ दाजींनाही जबर फटका बसला.

ज्या माणसाच्या खिशातून औषधं, ग्रंथ, नाणी, शिलालेखांचे ठसे, मदतनिसांचे पगार असं सगळं चालत होतं, तो खिसाच फाटला. मान कमी झाला नव्हता. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. पण शेरीफपदाच्या मानाने कुष्ठरोगाचा वॉर्ड उभा राहत नाही.

मे १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले. वय पन्नाशीच्या जरा पुढे. कुष्ठरोगाचं काम अर्धंच राहिलं.

त्याच शहरातला दुसरा डॉक्टर

भाऊंना काय कमी पडलं, हे एका तुलनेतून कळतं.

मेडिकलची मुलं ज्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची नावं घेतात, त्या १८५८ च्या पुस्तकातली चित्रं काढणारा डॉक्टर म्हणजे हेन्री व्हँडाइक कार्टर. तो त्याच वर्षी कंपनीच्या वैद्यकीय सेवेत मुंबईला आला आणि ग्रँट कॉलेजात शरीररचना शिकवायला लागला. त्याचाही विषय पुढे कुष्ठरोगच झाला. तो नॉर्वेला जाऊन आला. तिथे १८७३ मध्ये आरमावर हॅन्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला होता. कार्टरने नॉर्वेतल्या कुष्ठरोग हॉस्पिटलांवर अहवाल लिहिला, तो १८७४ मध्ये छापून आला. म्हणजे ज्या वर्षी भाऊ गेले त्याच वर्षी.

कार्टर कष्टाळू होता, त्याचं काम मोठं आहे, त्यात वाद नाही. पण त्याच्याकडे पगार होता, पद होतं, रजा होती, सरकारी वॉर्ड होते आणि अहवाल छापायची सोय होती. भाऊंना यातलं सगळं स्वतः उभं करावं लागलं आणि ते एका माणसाच्या कमाईवर टेकलेलं होतं.

अजून एक गोष्ट बघा. भाऊंचं इतिहासाचं काम आजही वाचायला मिळतं. १८८८ मध्ये त्यांच्या लेखांचं पुस्तक निघालं, ते शिलालेखांचं आणि कालनिर्णयाचं आहे. हे काम टिकलं, कारण त्याला रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा होती, तिचं नियतकालिक होतं, वाचून वाद घालणारे विद्वान होते. माणूस तोच, बुद्धी तीच, मेहनत तीच. ज्या कामाला संस्था मिळाली ते उरलं. ज्याला मिळाली नाही ते त्यांच्याबरोबर गेलं.

मग त्या तेलाचं पुढे काय झालं?

या जातीच्या झाडांच्या तेलावर जगभर काम झालं. हे तेल तोंडाने घेतलं की मळमळ होते आणि दाट असल्यामुळे इंजेक्शन देणं अवघड. हवाई बेटांवर ॲलिस बॉल या कृष्णवर्णीय तरुण रसायनतज्ज्ञ मुलीने त्यावर उपाय काढला आणि तेल इंजेक्शनने देता येईल असं केलं. १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी ती वारली आणि बरीच वर्षं तिचं श्रेय दुसऱ्याच्याच नावावर राहिलं. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनीही या तेलाची इंजेक्शनं वापरली. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं येईपर्यंत कुष्ठरोगावरचा मुख्य इलाज हाच होता.

तेलाने रोग पूर्ण बरा होत नव्हता, हेही खरं. पण भाऊ ज्या झाडाच्या मागे होते, जग त्याच झाडाच्या कुळाकडे पन्नास वर्षांनी वळलं. त्यांच्या नोंदी सगळ्यांसमोर आल्या असत्या तर पुढच्यांना शून्यातून सुरुवात करावी लागली नसती.

आज काय बदललंय?

बरंच बदललंय. अमेरिकेत १९६४ पासून डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करण्यासाठी सरकारी पैसा मिळतो. तरी १९७९ मध्ये तिथल्याच जेम्स वाइनगार्डन यांनी इशारा दिला की संशोधन करणारा डॉक्टर ही जमात नामशेष होत चाललीये. आजही तिथे डॉक्टरला स्वतःच्या नावावर पहिलं मोठं अनुदान मिळेपर्यंत बहुतेक वेळा चाळिशी उलटलेली असते. आपल्याकडे आयसीएमआर आहे. २००८ मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी मिळून इंडिया अलायन्स काढलं, त्यात डॉक्टरांसाठी वेगळ्या फेलोशिप आहेत.

पण आता नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावातली एखादी मुलगी डोळ्यासमोर आणा. नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज झालं, तिथून ती डॉक्टर होईल. आजूबाजूच्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल आहे, हे तिला पुस्तकाआधीच माहीत असेल. कुणाला वेदनांचे झटके सारखे का येतात, कुणाला कमी का, हायड्रॉक्सीयुरिया इथल्या पेशंटना किती मात्रेत सोसतं, पावसाळ्यात डोंगरातून खाली यायला जमलं नाही तर गोळ्या किती दिवस चुकतात. तिच्या डोक्यात असे शंभर प्रश्न असतील, आणि मोठ्या शहरात बसलेल्या तज्ज्ञाला यातले निम्मेही सुचणार नाहीत.

पण एमबीबीएसनंतर एक वर्ष बाँड. मग नीट-पीजी. मग तीन वर्षं रेसिडेन्सी, जिथे झोपेचे वांधे. तोवर तिशी जवळ येते, घरी शिक्षणाचं कर्ज असतं, बरोबरचे दवाखाना टाकून मोकळे झालेले असतात. संशोधनाची जागा मिळाली तर ती बहुतेकदा कंत्राटी. प्राध्यापक झाली तर सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर, रात्री इमर्जन्सी. बढतीसाठी पेपर लागतो म्हणून पेपर लिहायचा, प्रश्नाचं उत्तर हवं म्हणून लिहायला वेळ नाही.

यातूनही काही जण करून दाखवतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणातल्या ग्रामीण भागात राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर दाखवला आणि त्यांचं काम १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. असं उदाहरण निघालं की आपण म्हणतो, बघा, जिद्द असली की सगळं होतं. जिद्द लागतेच. पण भाऊ दाजींकडे जिद्द, बुद्धी, ओळखी आणि मोठ्या काळापर्यंत पैसासुद्धा होता, आणि तरी त्यांच्या आयुष्यातला वैद्यकातला सगळ्यात मोठा प्रयोग अर्धवट राहिला.

त्यांना १८५१ मध्ये ज्या गोष्टी हव्या होत्या त्यांची यादी फार लांब नाही. कायम पगाराची एक जागा. आठवड्यातले दोन दिवस फक्त संशोधनासाठी. पेशंटच्या नोंदी ठेवणारा एक मदतनीस. काम तपासणारे, चुका दाखवणारे चार जाणकार. आणि आपण गेल्यावर हे काम पुढे नेणारं कुणीतरी. पावणेदोनशे वर्षांनी धानोऱ्याच्या त्या मुलीला हवी असलेली यादीही जवळपास हीच असेल. नंदुरबारच्या नव्या कॉलेजात तिच्यासाठी अशी एक जागा निघते का, हे आता आपल्या सरकारला आणि विद्यापीठाला ठरवायचं आहे.